जुनी लष्करी गाडी: खोलण्याआधी चालवा

गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी पाना घेऊन ती खोलायला बसायचं, हा मोह नव्या माणसाला आवरत नाही. दोन महिन्यांत बॉडी भिंतीला टेकलेली असते, इंजिन ताडपत्रीखाली जातं आणि शेकडो नट-बोल्ट डब्यांत भरले जातात. कुठला बोल्ट कुठला, हे तेव्हा पाठ असतं. वर्षभराने आठवत नाही. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या ज्या जुन्या जीप मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच डब्यांत भरलेल्या होत्या. त्यांतली एखादीच इतकी गंजलेली होती की उभी राहिली नसती. बाकीच्या सगळ्या घाईने खोलल्या म्हणून मेल्या.

म्हणून या लेखातला क्रम मोडू नका. आधी गाडी नीट निवडा आणि तपासा. घरी आणल्यावर आधी तिचे ब्रेक दुरुस्त करा, मग इंजिन सुरू करा, मग थोडे दिवस चालवा. खोलायचं ते त्यानंतर, आणि तेही एका वेळी एकच भाग.

कोणती गाडी घ्यावी

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी दुसऱ्या महायुद्धातली जीप सुचवतो. विलीज कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या जवळजवळ जुळ्या गाड्या. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. लांबी साधारण ३.३ मीटर आणि वजन अकराशे किलोच्या आसपास, त्यामुळे साध्या मोटारीच्या जागेत ती मावते. इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं आणि साइड व्हॉल्व्हचं आहे, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नसून बाजूला असतात. समजायला सोपं आणि दोन माणसांना उचलयंत्राच्या मदतीने बाहेर काढता येईल एवढंच मोठं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात, अगदी अख्खी बॉडीसुद्धा.

युद्धानंतरच्या एम-३८ आणि एम-३८ए१ या जीपही चांगल्या. मात्र त्यांची वायरिंग चोवीस व्होल्टची आणि पाण्यापासून बंदिस्त केलेली असते, तिचे भाग वेगळे पडतात. लँड रोव्हरच्या लष्करी सीरीज गाड्यांमध्ये बॉडी ॲल्युमिनियमची असल्यामुळे बाहेरून तुकतुकीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते, कारण चासी पोलादाचीच आहे. यातली ‘लाइटवेट’ हेलिकॉप्टरखाली टांगून नेता यावी म्हणून बनवलेली. तिचे दरवाजे, काच आणि बॉडीचे काही भाग सुटे होतात, आणि डागडुजीला हीच गोष्ट फार सोयीची पडते.

ट्रकचा मोह अनेकांना होतो. जीएमसीचा सहाचाकी सीसीकेडब्ल्यू हा त्या युद्धातला अडीच टनी ट्रक, पाच लाखांहून जास्त बनलेला. पण त्याचं एक चाक एकट्या माणसाला सावरत नाही, तो उभा करायला मोठी जागा लागते आणि बंद पडला तर ओढायलाही दुसरा ट्रकच लागतो. चिलखती गाडी तर पहिल्या वेळी नकोच. ब्रिटिश ‘फेरेट’ दिसायला छोटी, खेळण्यासारखी. तिच्या एकेका बाजूची दोन्ही चाकं आपसात पक्की जोडलेली असतात. चारही टायर एकसारखे झिजलेले नसतील तर डांबरी रस्त्यावर सरळ जाताना गिअर आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. तो उतरवायला अधूनमधून चाक कच्च्या जमिनीवर किंवा फुटपाथच्या कडेवर चढवावं लागतं. हे ज्याला माहीत नाही तो दातेरी चाकं मोडून बसतो.

एम-१५१ या अमेरिकन सैन्याच्या नंतरच्या जीपवजा गाडीबद्दल एक सावधगिरी. सुरुवातीच्या एम-१५१ वेगात वळताना मागचं चाक आत दुमडून उलटायच्या. रस्त्यावरच्या वापराला असुरक्षित ठरवून अमेरिकन सैन्याने मोडीत काढताना त्या कापूनच विकल्या. आज अखंड दिसणारी एम-१५१ कदाचित दोन तुकडे जोडून केलेली असेल. वेल्डिंगचा सांधा शोधल्याशिवाय व्यवहार करू नका.

गाडी ठरवण्याआधी तिला लागणारा परवाना, नोंदणी आणि वजनाची मर्यादा यांचे तुमच्याकडचे नियम बघा. गाडीवर शस्त्र बसवण्याचा स्टँड किंवा नकली बंदूक असेल तर त्याचे नियम वेगळे असतात. पैसे देण्याआधी ते लेखी विचारून घ्या.

पाहायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा. तो गरम लागला तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, हे तुमच्यापासून लपवलं जातंय असं समजा. सोबत बॅटरी (टॉर्च), लोहचुंबक, जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि मळले तरी चालतील असे कपडे न्या. गाडीखाली झोपावं लागणार आहे.

चुंबक पत्र्यावर सरकवत न्या. जिथे तो पकडत नाही तिथे खाली पुटी आहे. जीपच्या बॉडीला फरशीखालून टोपीच्या आकाराच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. मूळ गाड्यांमध्ये या पट्ट्यांच्या आत लाकडाची फळी बसवलेली असे. पाणी त्या फळीत मुरतं, वर्षानुवर्षं सुकत नाही आणि पट्टी आतून खाल्ली जाते. वरून फरशी ठणठणीत दिसते, पण खालून स्क्रू ड्रायव्हर टेकवला की टोक आरपार जातं. त्यामुळे पट्ट्यांचीच तपासणी सगळ्यात आधी करा. चासीवर हातोडीने हलके ठोके मारत जा. सशक्त लोखंड खणखणतं, कुजलेलं बदबदतं. हा फरक कान पहिल्या दहा मिनिटांत शिकतो.

एमबी आणि जीपीडब्ल्यू ओळखायची सोपी खूण रेडिएटरसमोर खाली आहे. तिथला आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची, उलट्या ‘यू’सारखा असेल तर फोर्डची. विलीजचा चासी क्रमांक चासीच्या डाव्या बाजूच्या लांब दांड्याच्या आत, पुढच्या टोकाजवळ पट्टीवर असतो. फोर्डने तो डाव्या दांड्यावरच वरून ठोकलेला असतो. फोर्डने आपल्या अनेक भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, छोटा इंग्रजी ‘एफ’ उमटवला. विलीजच्या चासीवर फोर्डचं इंजिन दिसलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका. युद्धातल्या वर्कशॉपमध्ये हाताला लागेल तो भाग बसवून गाडी परत धाडली जायची, त्यामुळे सरमिसळ हा त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्या आज नव्या छापून मिळतात, म्हणून डॅशबोर्डच्या पट्टीवरच्या क्रमांकावर कधीच विसंबू नका. कागदावरचा क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक स्वतः बोट ठेवून जुळवा. जुळत नसेल तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा.

इंजिन ऑइलचा दांडा काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. गाडी चालू असेल तर उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, गिअर आपोआप सुटतो का ते कळेल. स्टीअरिंग हातात थरथरत असेल तर पुढच्या चाकांच्या किंग पिनची (ज्या खिळीवर चाक वळतं तिची) बेअरिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. या सगळ्या गोष्टी दुरुस्त होतात, फक्त किंमत ठरवताना त्या तुमच्या बाजूने बोलायला हव्यात.

निवड करताना माझं मत असं: गंजलेली पण पूर्ण गाडी ही चकचकीत पण अपुऱ्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. गंजलेला पत्रा कुणीही चांगला वेल्डर बदलून देतो. पण काचेच्या चौकटीची मूळ कडी, दिव्याचा स्टँड, हत्यारांच्या पेटीचं झाकण असल्या किरकोळ वस्तू शोधण्यात वर्षं जातात. खर्चाचा अंदाज कागदावर मांडा आणि तेवढीच रक्कम बाजूला आणखी ठेवा.

हात लावण्याआधी

पहिल्या आठवड्यात फक्त फोटो काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक पाइप कोणत्या क्लिपमध्ये आहे, वॉशर कोणत्या बाजूला आहे, सगळं टिपा. नंतर ‘हे असंच होतं का’ असा प्रश्न पडेल तेव्हा उत्तर या फोटोंतच सापडेल. सैन्याने छापलेली माहितीपुस्तिका मिळवा. महायुद्धातल्या जीपची टीएम ९-८०३ ही पुस्तिका १९४४ची आहे, आणि तिच्या छापील प्रती आजही मिळतात. ग्रीस आणि ऑइल कुठे, किती दिवसांनी द्यायचं याचा तक्ता त्यात आहे. तो मोठा करून भिंतीवर लावा.

आता जिवाशी गाठ असलेल्या काही गोष्टी.

लष्करी जीपची चाकं बहुधा दोन तुकड्यांची असतात आणि ते तुकडे नट-बोल्टने जोडलेले असतात. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळातले पाच नट चाकाला हबवर धरतात. बाहेरच्या वर्तुळातले नट चाकाचे दोन तुकडे एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर चाक स्फोटासारखं उडतं आणि समोरचा माणूस मरू शकतो. माझ्या गाडीच्या बाहेरच्या नटांना मी लाल रंग लावून ठेवला आहे, म्हणजे रस्त्यात पंक्चर काढायला आलेल्या परक्या माणसालाही ते दिसावेत. टायर उतरवायचा असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पाना लावा. ट्रकच्या लॉक रिंगच्या, म्हणजे टायर लोखंडी कड्याने अडकवून धरणाऱ्या, चाकांना हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यातच. आणखी एक, जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. हे माहीत नसल्यामुळे लांब पाइप लावून जोर करणारे बोल्ट तोडून बसतात.

त्या काळातल्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ब्रेक ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. ती ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. अंधारात चमकणाऱ्या जुन्या मीटरच्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. असे मीटर उघडू नका, खरवडू नका. जुन्या रंगात शिसं असतं, आणि १९८०च्या दशकापासून अमेरिकन गाड्यांवर जो रासायनिक हल्ल्यापासून संरक्षण देणारा रंग वापरला गेला त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. घासकाम ओलं करा आणि मास्क चांगल्या प्रतीचा घ्या, नुसता रुमाल पुरत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली घोड्या लावा.

आधी ब्रेक, मग इंजिन

इंजिन सुरू झालं की माणूस गाडी हलवतोच, स्वतःला थांबवू शकत नाही. म्हणून ती थांबेल याची व्यवस्था आधी करा. या गाड्यांच्या ब्रेकची नळी एकच असते. एका चाकाचं रबर फाटलं तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यामुळे रबरी होज, चाकांच्या सिलिंडरमधले कप आणि मास्टर सिलिंडरचं किट न बघता बदला. लोखंडी नळ्यांवर गंजाचे फोड असतील तर त्याही.

ब्रेक ऑइल ठरवताना एक निर्णय पक्का करा. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची नेहमीची ऑइलं हवेतलं पाणी शोषतात, गाडी उभी राहिली की सिलिंडर आतून गंजवतात आणि सांडले तर रंग खातात. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, म्हणून वर्षातून थोडीच चालणाऱ्या गाडीला ते मानवतं. पण दोन्ही एकत्र करायचे नाहीत. बदलायचं तर सगळी नळी धुऊन, नवी रबरं टाकूनच. डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉन नाही.

जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टला धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. चाकांना आधी लाकडी ठोकळे लावा.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन एकदम सेल्फ मारून कधीच फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि एक दिवस थांबा. मग समोर हँडल लावून हाताने हळू फिरवून बघा. फिरत नसेल तर गंज सोडवणारं ऑइल रोज थोडं थोडं घालत आठवडा काढा. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढे-मागे नुसती झुलवा. दुसऱ्या गाडीने ओढून जाम इंजिन सोडवायला जाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. साइड व्हॉल्व्ह इंजिनमध्ये व्हॉल्व्ह वरच अडकून बसणं हा नेहमीचा आजार आहे. बाजूचं झाकण काढलं की ते दिसतं आणि बहुतेक वेळा ऑइल आणि हलक्या ठोक्यांनी सुटतं.

पेट्रोलची टाकी जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिच्यात साचलेलं जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, खाली गंजाचा गाळ असतो. पहिल्या वेळी ती टाकी जोडूच नका. झाकणाच्या छोट्या डब्यातून स्वच्छ पेट्रोल रबरी नळीने पंपाला द्या. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

सहा व्होल्टच्या गाडीची (महायुद्धातली जीप अशीच) बदनामी ‘सेल्फ ओढत नाही’ अशी असते. दोष बहुधा केबलचा असतो. बारा व्होल्टच्या तुलनेत इथे तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी आणि बॅटरीची अर्थ पट्टी उघड्या, घासलेल्या लोखंडावर बसायला हवी. लोक बारा व्होल्टची बारीक केबल लावतात आणि मग सगळी वायरिंगच बदलायला निघतात. पॉइंट घासून स्वच्छ करा, प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्यात ना ते बघा.

प्लग काढलेले असतानाच सेल्फ फिरवून ऑइल प्रेशरचा काटा हलतो का ते पाहा. काटा हलल्याशिवाय प्लग बसवायचे नाहीत. मग सुरू करा. पहिल्यांदा ती दोन सिलिंडरवर ठेचकाळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि जळक्या ऑइलचा वास येतो, तिसरं सिलिंडर पकडतं, आणि थोड्या वेळाने चौथं येऊन मिळालं की आवाज एकदम सपाट होतो. एक पाय ब्रेकवर ठेवा. वीस मिनिटं तापमान आणि प्रेशर बघत चालू ठेवा, बंद करा आणि गरम असतानाच ऑइल काढून नवं भरा.

चालवून बघा

आता जवळपास, कमी वेगाने थोडे दिवस चालवा. एमबीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दातेरी चाकांचा वेग जुळवून घेणारी सोय, नाही. त्यात खाली यायचं असेल तर क्लच दोनदा दाबायची सवय करा. ताशी ६०-६५ किलोमीटरला ही गाडी सुखात असते, तिला पळवू नका. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चार चाकांची ड्राइव्ह टाकू नका.

खिशात वही ठेवा. कुठे आवाज आला, कुठे गळालं, कोणता गिअर कधी लागला नाही, सगळं तारखेसह लिहा. दोन-तीन महिन्यांत या वहीत जी यादी तयार होते तीच तुमच्या डागडुजीची खरी यादी. इंजिन उघडायचंच ठरवून बसलेल्या अनेकांना कळतं की इंजिन ठीक आहे, घोटाळा ट्रान्सफर केसच्या ऑइल सीलचा होता.

यानंतर खोला. एका वेळी एकच भाग: पुढचा एक्सल पूर्ण करून बसवा, मगच मागचा काढा. गाडी शक्यतो एका महिन्याहून जास्त चाकांवरून उतरू देऊ नका. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. जुना भाग नवा बसून चालेपर्यंत फेकू नका. नव्याने बनवलेल्या भागांत भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असणं रोजचं आहे, आणि ताडून बघायला जुनाच भाग लागतो.

रंग सगळ्यात शेवटी

बॉनेटला सँडब्लास्टिंग करू नका. निदान लगेच नको. जुन्या रंगाचे थर हीच त्या गाडीची जन्मकुंडली असते. अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटच्या बाजूला सैन्याचा नोंदणी क्रमांक लिहिलेला असे. क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून वाहनाचा प्रकार कळतो, जीपचा ‘२०’ने सुरू होतो. युद्धातला बराच काळ हे आकडे पांढऱ्या नव्हे तर निळसर करड्या रंगात लिहिले जात, म्हणून जुन्या फोटोंत ते दिसतच नाहीत.

बारीक पॉलिश पेपर, बादलीभर पाणी आणि भरपूर वेळ घ्या. हात सपाट ठेवून, जोर न लावता, बोटाएवढ्या जागेवर घासा आणि सारखं पुसत राहा. माझ्या जीपवर वरचा चकचकीत हिरवा गेला, खाली एक तपकिरी थर निघाला, त्याखाली पुन्हा हिरवा, आणि त्याच्याही खाली फिका ऑलिव्ह. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या फिक्या ऑलिव्हवर एक वळणदार कड उमटली. मी बॅटरी तिरकी धरली. तो ‘२’ होता. त्याच्या शेजारचा शून्य अर्धा पुसलेला होता. पूर्ण क्रमांक वाचायला आणखी चार संध्याकाळी लागल्या, आणि शेवटचा आकडा एका जुन्या डेंटच्या खाली गेलेला असल्यामुळे आजही मला खात्रीने सांगता येत नाही.

आकडे सापडले तर आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग ट्रेसिंग पेपरवर त्यांचा आकार, उंची आणि दोन आकड्यांमधलं अंतर उतरवून घ्या. गाडी रंगवताना अक्षरांची जाळी याच कागदावरून कापायची. रंग चमक नसलेला ऑलिव्ह ड्रॅब हवा, पातळ थरांत. मी माझी सगळी जीप रंगवली, फक्त डाव्या बाजूची हातभर पट्टी सोडली. तिच्यावर पारदर्शक लॅकर दिला आहे. उन्हात उभी असली की सकाळी आणि संध्याकाळी तिरक्या प्रकाशात तो जुना ‘२०’ तिथे अजून दिसतो.